लेकीच्या तीन विशेष शाळा: एका बापाचा अभिप्राय

माझी मुलगी आता दहा वर्षांची आहे. तिला ऑटिझम आहे. तोंडाने बोलते ते मोजके शब्द, आणि तेही तिच्या मनाची तयारी असेल तेव्हाच. आजवर ती तीन विशेष शाळांमध्ये शिकली. तिन्हींची पद्धत वेगळी होती, तिन्हीकडून तिला काही ना काही मिळालं, आणि त्यातल्या दोन आम्ही सोडल्या. शाळांची नावं लिहीत नाही, त्यांच्या पद्धतीवर लिहितो. अशी शाळा शोधत फिरणाऱ्या आईबापांना त्याचाच उपयोग होईल, कारण या पद्धतींच्या शाळा सगळीकडे आहेत.

मला काय म्हणायचंय ते आधीच सांगून टाकतो. माहितीपत्रकात कुठल्या पद्धतीचं नाव छापलंय, सेन्सरी रूम केवढी आहे, थेरपिस्ट किती आहेत, हे सगळं नंतर बघा. आधी एवढंच बघा, की ज्या मुलाला तोंडाने सांगता येत नाही त्याला त्या शाळेत ‘हवं’, ‘नको’, ‘दुखतंय’, ‘थांबा’, ‘शू लागलीय’ हे सांगायची सोय आहे का. ती दिवसभर आहे का, प्रत्येक खोलीत आहे का, मुलाचा हात पोचेल अशी आहे का. चित्रांची कार्डं असोत, हाताच्या खुणा असोत, नाहीतर टॅबलेट असो. आणि शाळा बदलायची वेळ आलीच, तर नव्या शाळेत ही सोय आधी पोचवा, मूल त्यानंतर.

पहिली शाळा एबीए (अप्लाइड बिहेवियर अॅनॅलिसिस), म्हणजे वर्तनशास्त्रावर आधारलेल्या पद्धतीची होती. एका मुलामागे एक शिक्षिका, मधे छोटं टेबल, आणि प्रत्येक कौशल्याचे बारीक तुकडे करून एकेक तुकडा पुन्हा पुन्हा घोटून घ्यायचा. जमलं की लगेच बक्षीस: कधी खाऊचा कण, कधी साबणाचे फुगे, कधी टोकन. ही पद्धत जगभर गाजली ती मानसशास्त्रज्ञ इव्हार लोवास यांच्या १९८७ सालच्या अभ्यासामुळे. आठवड्याला ४० तास शिकवलेल्या १९ मुलांपैकी ९ मुलं साध्या शाळेच्या पहिल्या इयत्तेत बाकीच्यांसारखी शिकू लागली, असं त्यात म्हटलं होतं. पहिल्याच भेटीत हा आकडा आम्हाला ऐकवण्यात आला. त्या अभ्यासात कुठलं मूल कुठल्या गटात जाणार हे चिठ्ठ्या टाकून ठरवलेलं नव्हतं, आणि त्या काळी मोठ्याने ‘नाही’ म्हणून ओरडणं, मांडीवर चापट मारणं हाही शिकवण्याचा भाग होता, हे मात्र आम्हाला स्वतः वाचून कळलं. आजच्या चांगल्या एबीए शाळांनी मारणं कधीच सोडलं आहे, आणि बऱ्याच जणींनी टेबलही सोडून खेळता खेळता शिकवायला सुरुवात केली आहे. आमची शाळा मधे कुठेतरी होती. तिथे कुणी हात उगारला नाही, पण टेबल काही सुटलं नाही.

या शाळेचं ऋण मी मान्य करतो, आणि मनापासून करतो. लेक संडास-बाथरूमला जायला तिथे शिकली. ठरलेल्या वेळाने न्यायचं, कोरडी राहिली तर नोंद, ओली झाली तर नोंद, मग दोन फेऱ्यांमधलं अंतर हळूहळू वाढवायचं. घरी आम्ही हेच करत होतो, पण आमच्याकडे ती शिस्त नव्हती. शाळेने ती वहीसकट आमच्या हातात दिली. ज्याचं मूल लहान आहे, एका जागी क्षणभर टेकत नाही, ज्याला कपडे, दात घासणं, हात धुणं यापासून सुरुवात करायची आहे, त्याने चांगली एबीए शाळा जरूर बघावी.

पण ती नोंदवही नीट वाचायलाही शिका. आमच्या शाळेत रोज एक तक्ता भरला जायचा. आपणहून जमलं की अधिक, चुकलं की उणे, हात धरून किंवा बोट दाखवून करून घेतलं की ‘प्रॉ’, म्हणजे प्रॉम्प्ट. पालकसभेत टक्केवारी सांगायचे आणि ती छान दिसायची. मी एकदा बसून ओळीच्या ओळी वाचल्या. लाल-निळं वेगळं करणं, चित्राशी चित्र जुळवणं यात अधिकच अधिक होते. ‘मागणं’ या ओळीत मात्र एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत ‘प्रॉ, प्रॉ, प्रॉ’. ताई कोपराला हात लावायच्या तेव्हाच लेक कार्ड उचलायची. हात लागला नाही तर ती शांतपणे वाट बघत बसायची. म्हणजे ती मागायला शिकली नव्हती, कोपराला हात लागायची वाट बघायला शिकली होती. शिक्षिकांच्या भाषेत याला प्रॉम्प्टवर अवलंबून राहणं म्हणतात, आणि बाहेरून ते शहाण्या मुलासारखं दिसतं, म्हणून पटकन लक्षात येत नाही.

पुढे दुपारच्या गाण्याच्या तासाला ती स्वतःच्या मनगटाला चावू लागली. शाळेच्या शेऱ्यात लिहिलेलं असायचं: ‘लक्ष वेधून घेण्यासाठी’. तिची कार्डं तेव्हा कुठे असतात, असं मी विचारलं. उत्तर आलं, थेरपीच्या खोलीत, कपाटात, तिच्या ‘कम्युनिकेशन’च्या तासाला काढतो. पेटीचा आवाज तिला सहन होत नव्हता, आणि ते सांगायची एकुलती एक वस्तू दुसऱ्या खोलीत कुलपात होती. एडवर्ड कार आणि मार्क ड्युरँड यांनी १९८५ सालीच दाखवून दिलं होतं की मूल असं का वागतंय ते नीट शोधलं, आणि तेच सांगायचा दुसरा सोपा मार्ग त्याला शिकवला, तर ते वागणं कमी होतं. हे दोघंही वर्तनशास्त्राच्याच परंपरेतले. म्हणजे आमच्या शाळेने स्वतःच्या पद्धतीतलं सगळ्यात मोलाचं काम बाजूला ठेवलं होतं. हात फडफडवले की ‘हात खाली’ हेही रोजचंच होतं. त्या फडफडण्याने कुणाचं काही बिघडत नव्हतं, उलट तिला बरं वाटायचं. यावर मुख्याध्यापिकांशी बोलणं झालं, गाण्याच्या तासाला कार्डं न्यायला त्या तयार झाल्या नाहीत, आणि आम्ही दुसरी शाळा शोधू लागलो.

शोधताना काय काय पाहिलं त्याबद्दल थोडं सविस्तर लिहितो, कारण हा भाग कुणी नीट सांगत नाही.

शाळा बघायला स्नेहसंमेलनाच्या दिवशी जाऊ नका. साध्या दिवशी, एक तास संपून दुसरा सुरू होतो तेव्हा जा. मुलांना एका खोलीतून दुसरीकडे कसं नेतात ते बघा: दंडाला धरून, की काहीतरी दाखवून आणि वेळ देऊन. रडणारं एखादं मूल दिसलं तर तिथेच थांबा आणि मोठी माणसं काय करतात ते पाहा. दोघी-तिघी एकदम बोलायला लागल्या, की समजा त्या मुलाचं अजून अवघड होणार आहे. वर्गात दोन मिनिटं काही न बोलता बसा आणि नुसतं ऐका. ट्यूबलाइट गुणगुणते का, पंखा खडखडतो का, शेजारच्या वर्गाचं सगळं ऐकू येतं का. आवाज, उजेड, स्पर्श वेगळ्या तीव्रतेने जाणवणं ही बाब २०१३ सालच्या डीएसएम-५ पासून, म्हणजे मानसोपचारतज्ज्ञांच्या निदानपुस्तिकेच्या पाचव्या आवृत्तीपासून, निदानाच्या निकषांतच आहे. तेव्हा ‘सवय होईल हळूहळू’ हे उत्तर विशेष शाळेच्या तोंडी शोभत नाही.

फाटक बघा. २०१२ साली अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या पाहणीत ऑटिझम असलेल्या मुलांच्या जवळपास निम्म्या, ४९ टक्के पालकांनी सांगितलं होतं की चार वर्षांच्या वयानंतर मुलाने एकदा तरी सुरक्षित जागेतून निघून जायचा प्रयत्न केला. जवळ पाणी असेल तर धोका फारच वाढतो. फाटकाला कडी किती उंचीवर आहे, बसमधून उतरल्यावर डोकी कोण मोजतं, हे विचारताना संकोच करू नका. फिट आली तर काय करता, हेही विचारा. ऑटिझमसोबत अपस्मार असण्याचं प्रमाण इतर मुलांपेक्षा बरंच जास्त आहे, आणि कित्येकांना पहिली फिट वयात येताना येते. ज्या शाळेत या प्रश्नाला लेखी उत्तर तयार असतं, तिथे बाकीचंही बहुधा जागेवर असतं.

मूल हाताबाहेर गेलं तर तुम्ही काय करता, हा प्रश्न सगळ्यात शेवटी, ओळख झाल्यावर विचारा. खोलीत एकटं ठेवतो, धरून ठेवतो, असं उत्तर आलं तर किती वेळ, कोण, आणि पालकांना त्याच दिवशी कळवता का, ते विचारा. आम्हाला एका ठिकाणी कार्यालयाच्या पुढे पाऊलच टाकू दिलं नाही, मुलं विचलित होतात म्हणून. तिथला चहासुद्धा न घेता आम्ही उठलो. दुसऱ्या एका ठिकाणी सांगितलं की मुलं काही महिन्यांत पूर्ण वाक्यं टाइप करायला लागतात. प्रत्यक्ष बघितलं तर बाईंनी मुलाचं मनगट धरलेलं, आणि मुलगा खिडकीबाहेर बघतोय. याला ‘फॅसिलिटेटेड कम्युनिकेशन’ म्हणतात. १९९० च्या दशकातल्या चाचण्यांमधून पुन्हा पुन्हा दिसलं की शब्द हात धरणाऱ्याचे असतात, मुलाचे नसतात. अमेरिकेतल्या स्पीच थेरपिस्टांच्या संघटनेने २०१८ साली या पद्धतीविरुद्ध स्पष्ट भूमिका जाहीर केली आहे. मूल बोलावं म्हणून आपला जीव तुटत असतो आणि नेमक्या त्याच जागी हे लोक बोट ठेवतात. मला त्या मुलाच्या आईबापांचा राग आला नाही. त्या शाळेचा फार आला.

दुसरी शाळा टीच पद्धतीवर चालायची. एरिक शॉपलर यांनी नॉर्थ कॅरोलायना विद्यापीठात ही पद्धत उभी केली, आणि १९७२ साली ती त्या राज्याचा अधिकृत कार्यक्रम झाली. ऑटिझम हा आईच्या थंडपणाचा दोष, असं मोठमोठे डॉक्टर सांगत होते त्या काळात शॉपलर यांनी पालकांना सहशिक्षक म्हणून बरोबर घेतलं. यासाठी मला त्यांच्याविषयी फार आदर आहे. पद्धतीचा गाभा असा, की ही मुलं कानापेक्षा डोळ्यांनी चटकन समजून घेतात, म्हणून शाळाच डोळ्यांना कळेल अशी मांडायची.

आणि ती खरंच तशी मांडलेली होती. प्रत्येक मुलाला तीन बाजूंनी आडोसा केलेलं टेबल. डाव्या हाताला टोपल्या, वरपासून खालपर्यंत, प्रत्येकीत एक काम. उजव्या हाताला रिकामा मोठा डबा, ‘झालं’चा. डावीकडची टोपली घ्यायची, काम करायचं, उजवीकडे टाकायचं. डावीकडच्या टोपल्या संपल्या की काम संपलं. कुणी काही सांगायची गरज नाही. लेकीने पहिल्यांदा नटबोल्टची टोपली आपणहून पूर्ण केली आणि डब्यात टाकली, तेव्हा तो धप्प आवाज ऐकून ती हसली. पुढचे कित्येक दिवस घरी वाचलेलं वर्तमानपत्र, रिकामी बाटली, माझा चष्मा, जे संपलं असं तिला वाटेल ते ती एका बादलीत नेऊन टाकायची. भिंतीवर तिच्या दिवसाची चित्रं उभी लावलेली असायची. एकेक झालं की ती काढून पाकिटात ठेवायची. पुढे काय आहे ते दिसायला लागलं आणि मनगटाला चावणं बरंच कमी झालं. कोपराला हात लागायची वाट बघणंही सुटलं, कारण इथे कोपराजवळ कुणी नसायचंच.

या शाळेला मी शांततेसाठी पैकीच्या पैकी गुण देईन. जे मूल बदलाने हादरतं, ज्याला ‘आता काय?’ या प्रश्नानेच घाम फुटतो, त्याच्यासाठी अशी शाळा म्हणजे आधार आहे.

उणीव दिसायला वेळ लागला. शाळाभर चित्रं होती, पण ती सगळी शाळेकडून मुलीकडे जात होती. आता हे कर, मग ते, मग घरी. मुलीकडून शाळेकडे जाणारी चित्रं फार थोडी होती. तिच्या टेबलावर ‘मदत’चं एक कार्ड होतं, ‘बाथरूम’चं एक. ‘नको’ नव्हतं. मी विचारलं, तर वर्गताई प्रामाणिकपणे म्हणाल्या, “दादा, नको दिलं तर ती सगळ्यालाच नको म्हणेल.” म्हणू दे ना. चार वर्षांचं बोलणारं मूल दिवसातून शंभरदा नको म्हणतं आणि त्याला कुणी शाळेतून काढत नाही. ‘नको’ म्हणता आल्याशिवाय ‘हो’ला काय अर्थ उरतो? आणि ज्या मुलीला नको म्हणता येत नाही ती मोठी झाल्यावर किती असुरक्षित असेल, हा विचार मला रात्री झोपू देत नव्हता. वर्गात ती एकटीच मुलगी होती. मुलग्यांमध्ये ऑटिझमचं निदान मुलींच्या तीन-चार पट होतं, त्यामुळे विशेष शाळांत हे चित्र नेहमीचंच. पण त्या मजल्यावर बाई मदतनीसही नव्हती, आणि पुढच्या वयाचं काय, याला तिथे उत्तर नव्हतं. शाळेशी भांडण झालं नाही. त्यांच्याकडे जे नव्हतं ते आम्हाला हवं होतं.

नातेवाइकांत तेव्हा दोन वाद चालले होते. एक, साध्या शाळेत का नाही? अपंगत्व असलेल्या व्यक्तींच्या हक्कांविषयी संयुक्त राष्ट्रांचा २००६ चा करार आहे, त्याच्या २४व्या कलमात सर्वसमावेशक शिक्षणाचा हक्क आहे, आणि तो मला मनापासून पटतो. माझ्या लेकीला ज्या साध्या शाळा घ्यायला तयार होत्या त्यांच्याकडे तिला ऐकायची सोय नव्हती, एवढंच. दुसरा वाद जास्त टोचणारा: कार्डं, टॅबलेट दिले तर ती बोलायची राहील. हे घरोघरी ऐकावं लागतं म्हणून आकडा देतो. २००६ साली मिलर, लाइट आणि श्लोसर यांनी यावरचे अभ्यास एकत्र करून तपासले. ज्या २७ जणांच्या नोंदी नीट काटेकोर होत्या त्यांच्यातल्या एकाचंही बोलणं कमी झालेलं नव्हतं. ८९ टक्क्यांचं उलट वाढलं होतं, कुणाचं थोडं, कुणाचं बरं.

तिसरी शाळा, म्हणजे आताची. ही कुठल्याच एका पद्धतीची म्हणून ओळखली जात नाही. भिंतीवर टीचसारखं वेळापत्रक आहे, खेळाच्या खोलीत ताई जमिनीवर बसून मूल जे खेळेल त्यात सामील होतात, आणि बोलणं शिकवायला पेक्स, म्हणजे चित्र हातात देऊन मागायची पद्धत, वापरतात. पेक्स १९८५ साली अँडी बाँडी आणि लोरी फ्रॉस्ट यांनी तयार केलं. त्याच्या सहा पायऱ्या आहेत. पहिल्या पायरीला दोन मोठी माणसं लागतात: एक समोर, जिच्याकडे मुलाला हवी ती वस्तू आहे, आणि एक मागे, जी मुलाचा हात धरून चित्र समोरच्या हातात द्यायला लावते आणि हळूहळू आपला हात काढून घेते. मागची व्यक्ती एक शब्दही बोलत नाही. समोरची आधी ‘काय हवं?’ विचारत नाही. सुरुवात मुलाने करायची, हा सगळा मुद्दा. दुसऱ्या पायरीला ती व्यक्ती दूर जाते, चित्रांची वही दूर जाते, आणि मुलाने उठून, वही शोधून, माणसाला गाठायचं. पहिल्या शाळेतल्या ‘प्रॉ, प्रॉ, प्रॉ’ची गाठ लेकीने इथे, या दुसऱ्या पायरीवर सोडवली. ती खोलीच्या त्या टोकाहून चालत आली, ताई पाठमोऱ्या होत्या, तिने त्यांची ओढणी ओढली आणि झोक्याचं चित्र हातात कोंबलं. मी दारात उभा होतो. घरी फोन केला तेव्हा मला धड बोलता येत नव्हतं.

प्रवेशाआधीच्या भेटीतली एक गोष्ट सांगितलीच पाहिजे. संगीताच्या तासाला आम्ही मागे बसलो होतो. एका मुलाने ‘थांबा’चं कार्ड नेऊन दिलं. ताईंनी त्याच क्षणी पेटी थांबवली, गाणं अर्ध्यात होतं तरी. म्हणाल्या, “तू थांबा म्हणालास, थांबले.” मग त्याला कान झाकायचे हेडफोन दाखवले, दाराबाहेरची खुर्ची दाखवली, त्याने हेडफोन घेतले, आणि गाणं पुन्हा सुरू झालं. मी परत येताना बायकोला म्हटलं, बाकी काही बघू नकोस, हीच शाळा.

बाकी बघितलं असतं तर खटकण्यासारखं बरंच होतं, आणि आजही आहे. इथे नोंदी ठेवण्याच्या नावाने आनंद आहे. प्रगतिपुस्तकात ‘छान सहभाग घेते’ असं येतं, त्यावरून काही कळत नाही. पहिल्या शाळेचा तक्ता मला इथे आठवतो. लिहिणं-वाचणं मागे पडलंय, त्यासाठी आम्ही वेगळी शिकवणी लावली आहे. टॅबलेटचं चार्जिंग दुपारी संपतं आणि मग मुलगी मुकी होते. त्याच चित्रांची कागदी वही कायम गळ्यात हवी, हे आम्हाला पुन्हा पुन्हा सांगावं लागलं. शिक्षिका टिकत नाहीत, ही तर सगळ्याच विशेष शाळांची दुखरी बाजू आहे. म्हणून प्रवेशाआधी विचारा: गेल्या वर्षीच्या किती ताई अजून इथे आहेत?

आता शाळा बदलण्याबद्दल. या मुलांना एका जागी शिकलेलं दुसऱ्या जागी बऱ्याचदा आपोआप वापरता येत नाही. लोवास आणि सहकाऱ्यांनीच १९७३ साली आपल्या जुन्या विद्यार्थ्यांकडे पुन्हा पाहिलं, तेव्हा परत संस्थांमध्ये गेलेली मुलं शिकलेलं गमावून बसली होती, आणि ज्यांच्या आईबापांना पद्धत शिकवली होती त्यांनी ते टिकवलं होतं. माझ्या मते १९८७ च्या आकड्यापेक्षा ही गोष्ट प्रत्येक शाळेने पालकांना आधी सांगायला हवी. शाळा बदलते तेव्हा दोन्हीकडे असणारं माणूस आपणच असतो. तिची चित्रं, तिच्या खुणा, तिच्या पायऱ्या आपल्याला स्वतःला यायला हव्यात.

पहिली शाळा सोडताना आम्ही नोंदींची प्रत मागितली तर ‘त्या शाळेच्या मालकीच्या आहेत’ असं उत्तर मिळालं, आणि दाखल्याव्यतिरिक्त एक कागद आला नाही. म्हणून सांगतो, शाळा सोडायचा विचार मनात नसतानाच दर तिमाहीला प्रत मागून घ्या. दुसऱ्या शाळेने मात्र निरोप कसा द्यावा ते दाखवून दिलं. वर्गताईंनी कामाचे छोटे व्हिडिओ काढून दिले, आणि आमच्यासोबत बसून एक पान लिहिलं. त्यात निदान, गुण, टक्के काही नव्हतं. ‘हनुवटीखाली मूठ दाबते तेव्हा कान दुखतोय. गोल फिरते तेव्हा खूश आहे, थांबवू नका. डोळे मिटून मान हलवते म्हणजे नको. मागून हात लावू नका, समोर येऊन थांबा.’ असं ते पान. कोणत्याही रिपोर्टपेक्षा ते जास्त कामी आलं. नव्या शाळेत गेल्यावर थोड्याच दिवसांत हनुवटीखाली मूठ दिसली, ताईंनी पान वाचलेलं होतं, त्याच दुपारी फोन आला, आणि कानात खरंच संसर्ग निघाला.

चित्रं आम्ही लगेच बदलली नाहीत. नव्या शाळेची चित्रं वेगळी, छान रंगीत होती, तरी आग्रहाने जुनीच पाठवली. जागा बदलायची आणि भाषाही बदलायची, हे एकाच वेळी कुणावर लादू नये. नव्या शाळेचं फाटक, वर्ग, बाथरूम, ताईंचा चेहरा, घरी न्यायला येणारा मी, अशा फोटोंची एक वही केली आणि रोज रात्री बघितली. मग शाळा सुटल्यावर रिकाम्या इमारतीत नेलं, मग थोडा वेळ मुलं असताना, मग अर्धा दिवस. यासाठी नव्या शाळेने ‘फी भरली, आता रोज यायलाच हवं’ असं म्हटलं नाही, हा त्यांचा मोठेपणा. तरीही मागे जाणं झालंच. झोप उडाली, आणि सुटलेले बाथरूमचे अपघात परत सुरू झाले. कारण शोधायला वेळ लागला. नव्या फ्लशचा आवाज मोठा होता. ती बाहेर आल्यावर ताईंनी फ्लश ओढायचा असं ठरवलं आणि प्रश्न मिटला. सुरुवातीच्या त्या काळात शाळेने कुठली चाचणी घेऊन ‘पातळी’ ठरवायला सुरुवात केली तर थांबवा. तेव्हा जे दिसतं ते मुलाचं खरं नसतं.

जुनी शाळा संपली हे तिला कसं सांगायचं, हा सगळ्यात अवघड भाग निघाला. ती रोज सकाळी जुन्या शाळेचं चित्र आणून हातात द्यायची. ते चित्र लपवून ठेवा, असं काहींनी सुचवलं. आम्हाला ते पटलं नाही. मागायला शिकवायचं आणि अवघड मागणं आलं की चित्रच काढून घ्यायचं, हे कसं चालेल? शेवटी तिच्याच जुन्या रीतीने केलं. घरात ‘झालं’चा डबा ठेवला, ते चित्र तिच्या हातानेच त्यात टाकायचं आणि नव्या शाळेचं घ्यायचं. ती रडली, काही दिवस रोज रडली. पण काय झालंय ते तिला कळत होतं, आणि न कळण्याच्या त्रासापेक्षा मला ते बरं वाटलं.

सध्या आमचं शाळेशी पाळीवरून बोलणं चालू आहे. अजून सुरू झालेली नाही, पण झाल्यावर शिकवायला घेतलं तर उशीर होईल. पॅड, चड्डी, कचऱ्याचा डबा, ‘पोट दुखतंय’, ‘ताईंना बोलवा’ ही चित्रं तिच्या वहीत याच महिन्यात आली. कोरडं पॅड लावून थोडा वेळ वावरण्याची सवय तिची आई घरी करतेय, आणि शाळेत तेच त्याच क्रमाने व्हावं म्हणून चित्रांची एक पट्टी बाथरूमच्या दाराच्या आत लावली आहे. कपडे बदलताना फक्त बाईच मदतीला असेल, तिनेही आधी विचारायचं आणि ‘नको’चं कार्ड आलं तर थांबायचं, हे मुख्याध्यापिकांनी लेखी दिलं. वयाच्या चौदाव्या वर्षानंतर इथे काय, याचं उत्तर अजून आलेलं नाही. कामाचं शिक्षण सुरू करणार असं तोंडी सांगतात, आम्ही तेही लेखी मागितलंय. मुलगी असेल तर प्रवेशाचा अर्ज भरण्याआधीच हे प्रश्न विचारा, आणि उत्तर देताना शाळेतल्या ताई अवघडतात का, ते बघा.